ब्रदर दानीएलचा कमरपट्टा

सोनईच्या बाहेर मांडव टाकलेला. आत पाय ठेवायला जागा न्हाई. स्टेजवर इलेक्ट्रॉनिक काटा, आकडे पार मागून दिसतील एवढे मोठे. एक बाई चढली. श्याण्णव. ब्रदर दानीएलनं तिच्या कमरेला पांढरा पट्टा आवळला, डोळे मिटून ओरडला, "चरबी, नीघ!"

एक्क्याण्णव!

"हालेलुया!" अख्खा मांडव रडायला लागला.

"डॉक्टर लोक पोट फाडून आत पट्टा बांधत्यात. आपला प्रभू बाहेरूनच बांधतो!"

मी दात खात उभा. रोझीताई माझी सख्खी बहीण. वजन लई, वर शुगर, गुडघे गेलेले. नगरच्या डॉक्टरनं खाणं कमी जावं म्हणून पोटाला बँड बसवायचं ऑपरेशन नीट समजावलं हुतं. ती विचार करत हुती. तेवढ्यात ह्या ब्रदरनं गाठली. म्हणाला, "गोळ्या खातीस म्हंजे तुझा विश्वास कच्चा." तिनं शुगरच्या गोळ्या बंद केल्या. परवा चुलीपाशीच कोसळली. सलाईन निघाली न निघाली, बाई परत मांडवात! आज साक्ष द्यायची म्हनं, प्रभूनं वजन उतरवलं म्हणून सगळ्यांफुडं सांगायचं.

"ताई, घरी चल."

"कमी झालंय रे सॅमसन. आकडा माझ्या डोळ्यानं बघितला मी."

मग मीबी आकडाच बघत बसलो. तो उतरायच्या वेळेला दर टायमाला स्टेजवर गाण्याला कीबोर्ड वाजवणाऱ्याचा डावा हात खिशात. कीबोर्डवाला कोण? ब्रदरचा मेव्हणा.

आमच्या सभेत साक्ष द्यायला उठलेल्याला कुणी अडवत न्हाई. मी हात वर केला.

"ये भावा, ये!" ब्रदरनं स्वतः माईक दिला.

शेजारी चर्चच्या भिंतीचं काम चाललेलं. तिथली सिमेंटची नवी गोणी आणून काट्यावर आदळली. पन्नास.

"ब्रदर, हिचं पोट बांधा."

"पोरात सैतान शिरलाय!"

"ऱ्हाऊ द्या, मीच बांधतो." मेव्हण्याचा हात खिशातून ओढून काढला. मुठीत गाडीच्या चावीएवढा रिमोट. काट्यात चिप बसवलेली. बटण दाबलं की आकडा पाच किलोनं उतरतो. दाबलं. पंचेचाळीस. परत दाबलं. चाळीस.

"सिमेंट कुठं गेलं, ब्रदर? हिनंबी गोळ्या सोडल्या का?"

ब्रदर पळायला लागला, तर पुढच्या रांगेतल्या एस्तेरमावशीनं कॉलर धरली. "माझ्या सुनेच्याबी गोळ्या बंद केल्यास ना रं, मुडद्या!" पुढं बायकांनी काय केलं ते सांगत न्हाई. मी सोडवायला गेलो न्हाई. पोलीस येईपर्यंत त्याला काट्यावर उभा केला आन् बटण दाबत दाबत शून्यावर आणला. "बघा, ब्रदर संपले!" लई गार वाटलं जिवाला.

लोक पांगल्यावर ताई काट्यावर चढली. "बटण दाबू नको."

एकशे अठरा. दवाखान्यात हुतं तेवढंच.

खाली उतरली. मग हात पुढं केला. "गोळी दे."

ऑपरेशन करायचं का न्हाई, ते ताई डॉक्टरला प्रश्न विचारून विचारून ठरवंल. तुमीबी विचारा. डॉक्टरला विचारा, माझंबी डोळं झाकून खरं मानू नका, मलाबी विचारा. जो विचारू देत न्हाई आन् चालू औषध सोडायला लावतो, त्याला दारात उभं करू नका. तो देवाचा माणूस न्हाई, चोर हाय.