फटाकडीचा काळा कोट

गल्लीत तिला सगळे कोटवालीच म्हणायचे. वडील कोट शिवायचे, त्यांच्या हाताखाली ती शिकली, आणि पुढची पस्तीस वर्षं तिने दुसरं काही शिवलंच नाही. ब्लाउजचं कापड घेऊन येणाऱ्या बायकांना ती दारातूनच वाटेला लावायची. तिच्या हातचा कोट खुंटीला टांगला तरी आत माणूस उभा आहे असं वाटतं, हे लोक म्हणायचे. लोक विसरले तर ती स्वतः आठवण करून द्यायची.

तिची भाची वकील झाली. धाकट्या बहिणीची ही मुलगी लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत, पण जीभ अशी की घरात तिचं नावच फटाकडी पडलं होतं. एका नामांकित वकीलबाईंकडे तिला काम मिळालं, आणि तीन आठवड्यांनी ती पहिल्यांदा न्यायाधीशांपुढे उभी राहणार होती.

"उभी कुठली मावशी, बसणार आहे," तिने सुधारलं.

काळा कोट सक्तीचा होता. दुकानातून आणलेला कोट दोन दिवसांत काखेत टर्रकन फाटला.

"दिवसभर मी दोन्ही हातांनी चाकं ढकलते. पाठीवर सारखा ताण येतो. मला टीशर्टासारखा ताणला जाणारा कोट हवाय. पण दिसायला कोटच दिसला पाहिजे. नाहीतर म्हणतील, ही खेळायला आली."

कोटवालीने नाक मुरडलं. ताणणारं कापड हे तिच्या लेखी कापडच नव्हतं. पण मागणारी फटाकडी होती, तेव्हा ती बाजारातून जाड काळं निटचं, बनियनसारखं ताणणारं कापड घेऊन आली आणि मापं घ्यायला बसली. मापं तिने खुर्चीत बसलेल्या अंगावरच घेतली. पुढचा घोळ मांडीवर गोळा होऊ नये म्हणून आखूड धरला, बाही चाकात अडकू नये म्हणून मनगटाशी आवळती ठेवली. इथवर ती खूश होती.

घोडं अडलं ते फ्युजिंगपाशी. कॉलर, पुढचे पल्ले, खिशाची तोंडं नीट उभी राहावीत म्हणून कापडाच्या उलट बाजूला इस्त्रीने जे चिकटवतात, ते फ्युजिंग. कोटवालीकडे वडिलांच्या वेळेपासून एकच प्रकार होता, जाड, न ताणणारा, करकरीत. तिने तो सवयीने पुढे लावला, आणि पाठीला आकार राहावा म्हणून खांद्यांवर आणि पाठीवरही.

फटाकडीने कोट घातला, हात पुढे केले, आणि तिचा चेहराच पडला.

"पत्र्याच्या डब्यात बसल्यासारखं वाटतंय गं."

तिने चाकांना एकदाच जोर दिला आणि पाठीची शिवण उसवली. पुढच्या पल्ल्यावरही भाजल्यासारखे फोड आले होते. वरचं कापड ताणलं जात होतं, खालचं हलायला तयार नव्हतं, मग दोघांची फारकत होणारच.

"मग लावतच नाही काही!" कोटवाली तणतणली आणि दुसरा कोट तिने फ्युजिंगशिवाय शिवला. त्याची कॉलर ओल्या टॉवेलसारखी लोंबली. बटणांची काजं आ वासून बसली. यावर फटाकडी काहीतरी झणझणीत बोलेल म्हणून कोटवाली तयारीत होती. पण तिने कोट काढून त्याची घडी घातली. मग हळूच म्हणाली, "राहू दे मावशी. मी दुकानातला दोन मापं मोठा घेते. चालतं तेवढं."

हे मात्र कोटवालीला लागलं. फटाकडीला समजूतदारपणे बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं.

पलीकडच्या रस्त्यावर पोहण्याचे आणि कसरतीचे पोशाख शिवणारी एक बाई होती. कोटवाली तिला पाठीमागे रबरवाली म्हणायची. दुसऱ्या दिवशी दोन्ही कोट पिशवीत कोंबून कोटवाली तिच्या दुकानासमोरून तीनदा गेली आणि चौथ्या खेपेला आत शिरली.

रबरवालीने कोट उलटे करून पाहिले. हसली नाही.

"हात सुंदर आहे तुमचा," ती म्हणाली. "फक्त आतलं फ्युजिंग चुकलं. तुम्ही मला ओळखलं नाही वाटतं? दहा वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे कॉलर शिकायला आले होते. तुम्ही म्हणालात, चड्ड्या शिवणारीला कॉलर कशाला लागते."

कोटवालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. असं ती नक्कीच म्हणाली असणार. आठवत नव्हतं, पण वाक्य तिचंच होतं.

"म्हणाले असेन," ती कशीबशी बोलली. "तोंड फटकळ आहे माझं. चुकलंच ते."

"बसा," रबरवाली म्हणाली आणि तिने फडताळातून तीन-चार गुंडाळ्या काढल्या. "हे कागदासारखं, हे आपल्याला नको, ताणलं की फाटतं. हे बघा, हे स्वेटरसारखं विणलेलं. आडवं ओढा."

कोटवालीने ओढलं. ते गेलं आणि परत आलं.

"आता उभं ओढा."

ते जागचं हललं नाही.

"म्हणजे आडवं सुटतं, उभं धरून ठेवतं," कोटवाली पुटपुटली.

"बरोबर. कापड ज्या दिशेने ताणलं जातं, तीच याची दिशा जुळवायची. आणि कापडापेक्षा हे हलकंच हवं, वरचढ नको. आधी तळहाताएवढा तुकडा चिकटवून बघायचा. इस्त्री फिरवायची नाही, दाबून ठेवायची, उचलायची, पुढे ठेवायची. गार होईपर्यंत हात लावायचा नाही. मग ओढायचा, धुवायचा, परत ओढायचा. फोड आला नाही तर तो आपला."

"आणि काजं?"

"तिथे मात्र तुमचं न ताणणारं. बोटाएवढी पट्टी, काजाखाली. खांद्याच्या शिवणीतही एक फीत, म्हणजे खांदा ओघळणार नाही. पाठ मोकळी सोडा. पाठीला काही लावूच नका."

पस्तीस वर्षांत कोटवालीने पाठ मोकळी सोडली नव्हती. पण तिने मान डोलावली. मग पिशवीतला लोंबत्या कॉलरचा कोट पुढे ओढून तिने विचारलं, "सुई-दोरा आहे का? कॉलरचं वळण कसं बसवतात ते दाखवते. याला मशीन चालत नाही, हातानेच घ्यावं लागतं." रबरवालीने दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि स्टूल जवळ ओढलं. दोन गिऱ्हाइकं बाहेरच्या बाहेर परत गेली.

तिसरा कोट चार दिवसांत झाला. तुकडे चिकटवून, धुऊन, वाळवून पाहण्यातच दोन दिवस गेले. फटाकडीने तो घातला, दोन्ही हात पुढे टाकले, मागे नेले, फळीवरचा डबा काढला आणि म्हणाली, "मावशी, अजून एक शिव." एवढंच.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात कोटवाली आणि तिची बहीण मागच्या बाकावर बसल्या. कोटवालीने मुद्दाम कडेची जागा धरली होती, कोट सगळ्या बाजूंनी दिसावा म्हणून. समोरच्या वकिलाने पुढची तारीख मागितली. फटाकडीने टेबलावरचा कागद ओढून घेतला. पाठ ताणली गेली आणि जागेवर आली, कॉलर तशीच ताठ. "आमची तयारी आहे," ती म्हणाली. "अशील आजारी आहे, तारीख लांबची नको." न्यायाधीशांनी तिच्याकडे पाहिलं, काहीतरी लिहिलं आणि आठ दिवसांनंतरची तारीख दिली. दोन मिनिटांत सगळं आटोपलं.

"एवढ्यासाठी तीन कोट?" बाहेर आल्यावर कोटवाली फणकारली. "एकाने तरी कोटाकडे ढुंकून पाहिलं?"

"नाही पाहिलं ना!" फटाकडीचे डोळे चमकत होते. "आणि खुर्चीकडेही नाही. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, मावशी. मी काय बोलतेय ते बघत होते."

बहिणीने डोळ्यांना पदर लावला, तेव्हा कोटवाली तिच्यावरच खेकसली, "पुरे आता, लोक बघतायत."

फटाकडी मांडीवर फायली घेऊन लांबलचक व्हरांड्यातून सुसाट निघाली. कोटवाली मागून चालत राहिली. डाव्या खांद्यापाशी कोट नखभर वर चढत होता. दुसऱ्या कुणाला ते दिसलं नसतं.

"रविवारी आण गं तो, डावा खांदा बघायचाय!" ती ओरडली.

फटाकडी तोवर लिफ्टपाशी पोचून कुणाशी तरी वाद घालत होती.