सोमवारची मागणी

"तुला मशीन चालवता येत नसेल तर तसं सांग. आम्ही दुसरं माणूस बघतो," आबा दारातूनच म्हणाले. पायाला चिखल नव्हता. तीन आठवडे त्यांच्या रानात पाण्याचा थेंब आला नव्हता, चिखल लागणार कुठून?

खुर्चीवरच्या बाईनं संगणकावरून मान वर केली. गावात तिला मशीनवाली म्हणत. पाणीवाटप संस्थेच्या त्या एका खोलीत टेबल, संगणक, लोखंडी कपाट आणि ती, एवढाच कारभार. पाटाचं पाणी कुणाला किती हवं, ती मागणी संगणकावरून कालव्याच्या कचेरीला धाडायची, हे तिचं काम. पाटाच्या तोंडाशी ज्यांची शेतं, त्यांचा दिवस गुरुवार. पाट संपतो तिथल्या, शेपटाकडच्यांचा सोमवार, दहा ते बारा. बाराला मागणी घेणं बंद. मागणी पोचली नाही तर त्या आठवड्यात पाटकरी शेपटाची दारं उघडतच नसे, आणि ते पाणी तोंडाकडच्यांच्या रानात मुरे.

तिचं सासर शेपटाला. माहेर तोंडाला.

"आबा, तीन सोमवार झाले, बरोबर दहाला इंटरनेटची लाइन जाते," ती म्हणाली. "मी काय करू सांगा."

"नाचता येईना अंगण वाकडं. गुरुवारी कशी जात नाही?"

म्हाताऱ्यानं रागानं टाकलेला तो शब्द तिच्या डोक्यात रुतून बसला. गुरुवारी कशी जात नाही?

तिनं काही करायचं सोडलं नव्हतं. संगणक बंद करून चालू केला होता. भिंतीवरच्या इंटरनेटच्या डब्याची वीज काढून, शंभर मोजून परत दिली होती. तारेचं टोक काढून, फुंकून, टक्क आवाज येईपर्यंत दाबलं होतं. डब्याच्या दुसऱ्या भोकात घालून पाहिलं, कपाटातली नवी तार लावून पाहिली. उंदरानं कुरतडलं असेल म्हणून भिंतीकडेनं गुडघ्यावर रांगली होती. दुरुस्तीवाला एकदा येऊनही गेला, पण तो आला दुपारी तीनला आणि तेव्हा सगळं झकास चालू. "ताई, इथं काहीच बिघाड नाही," म्हणून हसत गेला. त्या हसण्यानं तिची उरलीसुरली पतही गेली.

आज सोमवार. दहाला पाच मिनिटं कमी होती. तिनं दुरुस्तीवाल्याला फोन लावून ठेवला. बोलण्यापुरती रेंज खोलीत असायची, त्यापलीकडं काही नाही.

दहा वाजले आणि डब्यावरचा एक दिवा विझला.

"कुठला विझला?" दुरुस्तीवाल्यानं विचारलं.

"विजेचा चालू आहे. संगणकाकडच्या तारेचाही चालू आहे. गच्चीवरून येणाऱ्या तारेचा गेला."

"मग ऐका. नुसतं इंटरनेट गेलं असतं तर हा दिवा जळत राहिला असता. दिवाच गेला म्हणजे एक तर तार तुटली, नाहीतर पलीकडच्या यंत्राची वीज गेली. मागच्या वेळी दिवा किती वाजता परत आला होता?"

"साडेबाराला. आपोआप."

"तुटलेली तार आपोआप जुळत नाही, ताई."

तिनं फोन ठेवला. खोलीतला पंखा फिरत होता, म्हणजे गावची वीज गेलेली नव्हती. पलीकडचं यंत्र होतं तिच्या थोरल्या भावाच्या गच्चीवर. गावात सगळ्यांत उंच घर त्याचं, म्हणून टॉवरकडं तोंड करून इंटरनेटची पांढरी थाळी तिथं बसवली होती. भावानं जागा दिली, वीज दिली. सभेत तिचं नावही त्यानंच सुचवलं होतं. "माझी बहीण करेल हे काम," असं तो चारचौघांत म्हणाला तेव्हा तिचा ऊर भरून आला होता.

"आबा, या खुर्चीत बसा," ती म्हणाली. "मागणी भरून ठेवली आहे. मी फोन केला की हे हिरवं बटण दाबायचं. तोवर कशाला हात लावायचा नाही."

"मी?" आबांनी आपलं बोट पाहिलं. जन्मभर नांगर धरलेलं ते बोट उंदराएवढ्या माऊसवर ठेवताना त्यांना घाम फुटला.

ती चालत निघाली ती पळतच सुटली. वाटेवर तोंडाकडची शेतं होती. भावाच्या उसात घोटाभर पाणी उभं होतं, सऱ्या तुडुंब होऊन पाणी बांधावरून रस्त्यावर येत होतं. तिची चप्पल त्या चिखलात रुतली. तीन आठवड्यांत पायाला लागलेला तो पहिला चिखल.

माहेरचं दार उघडंच होतं. भाऊ शेतावर, वहिनी गोठ्यात. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर आई तांदूळ निवडत बसली होती. तिच्या डोक्यावर भिंतीत बटणांची पाटी. त्यातलं शेवटचं बटण गच्चीचं, ते बंद केलेलं.

"तू गं या वेळी?" आई म्हणाली, आणि सूप घेऊन अर्धवट उठली. बटण अंगाआड जाईल अशी.

"आई, हे बंद कुणी केलं?"

आईनं एक खडा वेचून टाकला. मग दुसरा.

"तो शेतावर असतो दहाला," ती म्हणाली. "म्हणून मीच करते. साडेबाराला आठवणीनं चालू करते हो. तुला दिवसभर त्रास नको म्हणून."

"तुला माहीत होतं कशासाठी ते?"

"ऊस जळत होता त्याचा."

"आणि आमचा भुईमूग? शेंगा भरायच्या आधी वाळला, आई. लोक मला तोंडावर बोलतात. आमचे हे तीन दिवस माझ्याशी शब्दही बोलले नाहीत."

"तुझ्यावर काही येणार नाही, असं तो म्हणाला. बिघाड म्हणतील, सोडून देतील." आई समजावत होती, तापातल्या पोराला समजवावं तशी. "तो म्हणाला, तिला यातलं काही कळत नाही, म्हणूनच तर तिचं नाव सुचवलं. दुसरा कुणी असता तर चौकशी केली असती. मी त्याच्या घरात खाते, बाई. तुझ्या घरात नाही."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण माहेरचं होतं. मग तिनं आईच्या खांद्यावरून हात नेऊन बटण चालू केलं, आणि आईच्या शेजारी पायरीवर बसली. गच्चीवरचं यंत्र जागं व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, हे तिला ठाऊक होतं. आई तांदूळ निवडत राहिली. त्यात आता खडे नव्हते.

तिनं फोन लावला. "आबा, दिवा आला?"

"आला. लुकलुकतोय."

"दाबा."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग आबा म्हणाले, "पोचली म्हणून लिहून आलंय गं. मी दोनदा वाचलं."

तरी ती बारापर्यंत त्या पायरीवरून हलली नाही. मधे भाऊ आला. बहिणीला बघितलं, बटणाकडं बघितलं, आणि पाय धुवायचं निमित्त करून मागच्या दारानं गेला.

बुधवारी शेपटाची दारं उघडली. शुक्रवारी सभा झाली. थाळी पाण्याच्या टाकीवर हलवावी, असं ती उभी राहून म्हणाली. अध्यक्षांनी विचारलं, "इतके दिवस बिघाड होता तरी कुठं?"

भाऊ पुढच्या रांगेत, मान खाली घालून बसला होता. त्याचं नाव घ्यावं तर ते बटण आईच्या हातचं होतं. न घ्यावं तर आबा समोर बसले होते.

"माझ्या माहेरी," ती म्हणाली, आणि खाली बसली.

थाळी टाकीवर गेली. त्यानंतर पंधरा दिवसांनी वहिनी बांधावर भेटली. "आई विचारतात, कधी येतेस म्हणून."

"पाण्याची ही पाळी संपली की येते म्हणावं," ती म्हणाली.

ती पाळी संपली. दुसरी लागली, तीही संपली.