काजळीचा कळप

कारखान्याचा भोंगा वाजला की काजळी कुत्रीच्या मानेवरचे केस आधी उभे राहत, मग पाठीवरचे, आणि सगळ्यात शेवटी शेपटीच्या बुडाशी. केस मानेवर थांबले तर हाक मारून तिला वळवता येई. ते पाठीवर उतरले की मग ती कुणाचीच नसे. मंजुळाबाईनं हे बघून ठेवलं होतं.

मंजुळाबाई आणि तिचा नवरा भैरू दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन शिरूरकडच्या कोरड्या माळावरून निघत, चाकणवरून भोसरीला येत आणि पुणे-मुंबई रस्ता ओलांडून मावळात जात. मावळात चारा होता आणि लांडगेही होते. काजळी होती ती त्या लांडग्यांसाठी. तिच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता आणि खांद्यावर जुने व्रण. डोळे उघडायच्या आत भैरूनं तिला मेंढीचं दूध पाजलं होतं. कोकरांत निजून ती वाढली, म्हणून मेंढरं तेवढी तिची भावंडं आणि बाकीचं जग लांडगा, अशी तिची समजूत होती.

पूर्वी एखादी मोटार जाऊ द्यायची आणि रस्ता ओलांडायचा. मग पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहिले आणि ट्रकांची रीघ लागली. सकाळी पाळी बदलताना गेटावरचा वॉचमन सयाजी लाल झेंडी धरून ट्रक थोपवी, तेवढीच काय ती मेंढरं पार घालायची वेळ. पण त्याच वेळी शेकडो सायकलीही रस्त्यावर येत. गेल्या वर्षी काजळीनं एका सायकलवाल्यावर झेप घेतली. तो पडला, त्याचा हात मोडला, आणि लोकांनी दगड उचलले. पोलीस पाटील उद्धवराव मध्ये पडले म्हणून कुत्री जगली. त्यांच्या रानात दरवर्षी खतासाठी मेंढरं बसत, तेवढी ओळख कामी आली.

"या वक्ताला वाचली," ते भैरूला म्हणाले होते. "म्होरल्या साली हिनं माणसाला दात लावला तर बंदूक मीच काढीन. मला बी वर जाब द्यावा लागतो."

काजळीविना मावळात जाणं म्हणजे लांडग्यांना पंगतीला बोलावणं. म्हणून औंदा ते लवकर निघाले, उद्धवरावांच्या रानात मेंढरं बसवली आणि काजळीला माणसांची सवय लावायला घेतली.

भैरूनं आधी त्याच्या रीतीनं केलं. तिला गेटाजवळ न्यायचं, आणि भोंगा वाजला की ती गुरगुरायच्या आत काठी. काही दिवसांत काजळी माणसं दिसायच्या आधीच, नुसत्या भोंग्याला दात दाखवू लागली. भोंग्यामागून मार येतो, एवढंच ती शिकली होती. मंजुळाबाईनं नवऱ्याच्या हातातली काठी काढून घेतली.

"मग आता शाळंत घाल तिला," भैरू म्हणाला.

"घालते," ती म्हणाली.

रस्त्यापासून चांगलं लांब, बांधावरच्या बाभळीखाली ती काजळीला घेऊन बसू लागली. तिथून भोंगा ऐकू येई आणि माणसं मुंग्यांएवढी दिसत. भोंगा सुरू झाला की ती ताकात कुस्करलेली भाकरी पुढं ठेवी, आणि थांबला की उचलून घेई. केस मानेवरही उभे राहिनासे झाले की दुसऱ्या दिवशी थोडं पुढं बसायचं. केस पाठीवर गेले तर मुकाट्यानं मागं सरायचं. ओरडायचं नाही, ओढायचं नाही. अशा रीतीनं, पुढं जात आणि मागं येत, त्या दोघी रस्त्याकडेच्या लिंबापर्यंत पोचल्या, आणि तिथं सगळं अडलं.

लिंबाखाली मन्सूरचं सायकलचं दुकान होतं. पाळीवर जाणारे कामगार तिथं हवा भरायला थांबत, आणि गर्दी अगदी अंगाला घासून जाई. काजळी भाकरीला तोंड लावीना. मन्सूर मूळचा चाकणचा, बोलका माणूस, पण तोही पहिल्या दिवशी दुकानाच्या मागल्या अंगाला जाऊन उभा राहिला.

"मावशी, हातभर लांब ठेवा तिला," तो म्हणाला. "आमच्यात कुत्र्याची लाळ लागली तर कपडे बदलावे लागतात. आणि हिचे दात लागले तर माणूसच बदलावा लागेल."

तरी दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्यासाठी पाण्याचं एक डबडं मांडून ठेवलं होतं.

मंजुळाबाईला तेव्हा कोकराची युक्ती आठवली. आईविना राहिलेलं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं, तर त्या मेंढीच्या मेलेल्या पिलाचं कातडं त्याच्या पाठीवर बांधतात. मेंढी हुंगते, आपलंच समजते आणि पाजते. मंजुळाबाईकडं सासूची एक फाटकी घोंगडी होती, याच कळपाच्या लोकरीची, मेंढरांचा वास मुरलेली. तिनं ती फाडून तिच्या पट्ट्या केल्या. एक मन्सूरनं खांद्यावर टाकली. बाकीच्या त्यानं दुरुस्तीला आलेल्या सायकलींच्या सीटवर गुंडाळून दिल्या. थंडीचे दिवस होते, सीटं सकाळी बर्फासारखी लागत. बघता बघता कामगार आपणहून पट्टी मागू लागले. धनगराची गादी मिळाली, आता राज्य करायचं बाकी, अशी थट्टा चाले.

काजळीनं पट्टी हुंगली. मग सीट हुंगलं, मग सीटवरून उतरलेला माणूस हुंगला. त्या दिवशी तिनं भाकरी खाल्ली. पुढं ती गर्दीत पायांवर डोकं ठेवून पडू लागली. घंटा वाजल्या, पंप कोसळला, तरी केस जागचे हलेनात. आणखी एक गोष्ट झाली. आधी ती गर्दीवर नजर रोखून बसे. आता ती माणसांकडं पाठ करून बसू लागली, बाहेर रस्त्याकडं बघत. मंजुळाबाईनं ते पाहिलं आणि तिला बरं वाटलं. भीती गेली म्हणून तोंड फिरवलं, असा तिनं अर्थ लावला. रानात मेंढरांच्या राखणीला काजळी अशीच पाठ करून बसते, हे रोज डोळ्यांसमोर असून तिच्या ध्यानात आलं नाही.

ओलांडायच्या दिवशी उद्धवराव स्वतः आले. त्यांच्यामागं गडी बंदूक घेऊन उभा होता. सयाजीनं झेंडी धरली, ट्रक थांबले. भैरू शीळ घालत पुढं झाला आणि त्याच्यामागं मेंढरं रस्त्यावर उतरली. दोन्ही बाजूंनी सायकली. काजळी त्यांच्यामधून चालत राहिली. एकाचं चाक तिच्या शेपटीला घासून गेलं, तिनं वळूनही बघितलं नाही. शेवटची लंगडी मेंढी पलीकडं पोचली तेव्हा उद्धवरावांनी मंजुळाबाईकडं बघून मान हलवली.

सयाजी झेंडी गुंडाळून गेट लावायला वळला. मागं राहिलेले कामगार दाराशी दाटले. एकाची दुरुस्त झालेली सायकल ढकलत मन्सूर धावत आला, खांद्यावर पट्टी तशीच. सयाजीनं त्याला अडवलं, बाहेरच्या माणसाला आत यायचं नाही म्हणाला. मन्सूर काहीतरी बोलला. सयाजीनं काठी आडवी करून त्याच्या छातीला लावली आणि रेटली. मन्सूर सायकलीसकट उताणा पडला.

काजळी भुंकली नाही. रस्ता परत ओलांडून ती सरळ आली, शेपटीच्या बुडापर्यंत केस उभे. तिनं सयाजीचं काठीचं मनगट धरलं आणि काठी पडेपर्यंत सोडलं नाही. मग ती मन्सूरच्या पुढ्यात उभी राहिली, त्याच्याकडं आणि सगळ्या कामगारांकडं पाठ करून.

मंजुळाबाईला तेव्हा कळलं. तिनं कुत्रीला शांत केलंच नव्हतं. तिनं कळप वाढवून दिला होता.

सयाजीच्या बोटांवरून रक्त ठिबकत होतं. उद्धवरावांनी गड्याकडून बंदूक घेतली.

"पाटील, तिनं आपलं माणूस राखलं," मंजुळाबाई म्हणाली.

"आन् सयाजी कुणाचा?"

सयाजी पायी कामावर येई. त्याच्याकडं सायकल नव्हती, म्हणून त्याला पट्टी मिळाली नव्हती.

तिनं कामगारांकडं पाहिलं. कित्येकांच्या सीटवर तिच्या सासूची घोंगडी होती. कुणी एकानं पुढं होऊन शब्द टाकावा, एवढीच तिची आशा होती. पण भोंगा पुन्हा वाजला. उशीर झाला तर अर्धा दिवस बुडत होता. ते एकेक करून आत गेले. कुणी मागं वळून बघितलं, कुणी नाही. तिला त्यांचा राग आला नाही. लांडगा एक मेंढी नेतो तेव्हा उरलेली मेंढरं घटकाभरात पुन्हा चरायला लागतात, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं.

मन्सूर तेवढा थांबला. आपल्या रुमालानं सयाजीचा हात बांधत त्यानं पाटलांना सांगितलं की काठी आधी उठली होती. सयाजीही ते नाकारीना. तो पांढराफटक पडला होता. त्याला आता पुण्याला नेऊन पोटात इंजेक्शनं द्यावी लागणार होती.

उद्धवरावांनी बंदूक गड्याच्या हातात दिली.

"दिस मावळायच्या आत ही माझ्या हद्दीभाईर पायजे. पुन्यांदा दिसली तर माझा इलाज न्हाई."

मन्सूरनं मंजुळाबाईला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, काळेवाडीवरून नेऊ नका. सयाजीची भावकी तिथं आहे. दापोडीला पुलाखालून नदीकाठानं सांगवीत निघा." मग त्यानं खांद्यावरची पट्टी काढून तिच्या हातात दिली.

भैरू मेंढरं घेऊन पुढं गेला. मंजुळाबाईनं काजळीच्या पट्ट्यात दोर ओवला आणि ती खालच्या अंगानं निघाली. पुलाखाली गार होतं, वरून ट्रक धडधडत होते. काजळी निमूट चालत होती, रोज लिंबाकडं चालायची तशीच.

सांगवीच्या घाटावर बायका धुणी धूत होत्या. कुत्री बघून एकदोघी बिचकून उठल्या. मंजुळाबाई क्षणभर पाणी प्यायला वाकली, दोर हातातून सुटला. काजळी त्या बायकांमध्ये गेली, आणि त्यांच्याकडं पाठ करून बसली. या बायकांना कसली पट्टी नव्हती. आता काजळीला पट्टीची गरज उरली नव्हती.

मावळ अजून लांब होता. वाटेत गावं होती, बाजार होते, आणि प्रत्येक गावात कुणी ना कुणी कुणावर काठी उगारणारच होतं. तिथले पाटील उद्धवराव नसणार होते. काजळी जगायची तर माणसं आपली नव्हेत, हे तिला पुन्हा शिकवायला हवं होतं. ते शिकवायची एकच रीत मंजुळाबाईला ठाऊक होती, आणि ती भैरूची होती.

तिनं काठावरचा एक दगड उचलला. लहानसाच बघून घेतला आणि फेकला. तो काजळीच्या मागल्या पायाला लागला.

काजळी उठली. तिनं मंजुळाबाईकडं पाहिलं, मग तिच्या पलीकडं, मग वरच्या रस्त्याकडं. तिचे केस उभे राहिले, मानेवरचे, पाठीवरचे. लंगडत ती मंजुळाबाईजवळ आली, तिला पाठीशी घालून उभी राहिली, आणि दगड कुणी मारला ते हुडकत रिकाम्या रस्त्याकडं बघून गुरगुरू लागली.