बैलाच्या घसाऱ्याची वाटणी

पीरमहंमद अत्तार सरांची एक साधी इच्छा होती. आपल्या वर्गात कुणीतरी, एकदा तरी, ‘कशावरून?’ असं विचारावं.

सर सांगलीच्या एका महाविद्यालयात एम.कॉम.ला अकौंट्स शिकवत. त्या काळी शिकवायचं म्हणजे नोट्स सांगायच्या आणि मुलांनी त्या उतरून घ्यायच्या. मुलं इतकी आज्ञाधारक, की एकदा सांगता सांगता सर शिपायाला म्हणाले, “ती खिडकी लाव, चिमण्या आत येतात,” आणि वार्षिक परीक्षेत भांडवलाच्या व्याख्येत निम्म्या वर्गाने चिमण्या लिहिल्या. एकाने तर त्यांच्याखाली रेघही ओढली होती.

तेव्हा १९७४च्या दिवाळीआधी सरांनी ठरवलं, आता पुरे. चौघाचौघांचे गट करायचे, प्रत्येक गटाला एक शोधनिबंध द्यायचा आणि त्याची चिकित्सा करायला लावायची. चिकित्सा म्हणजे नुसत्या चुका काढणं नव्हे. लेखक काय म्हणतो, कशाच्या आधाराने म्हणतो आणि तो आधार एवढं ओझं पेलतो का, हे नीट पाहायचं. लहान मूलसुद्धा हे करतं. मोठं होता होता विसरतं, एवढंच.

प्राचार्य हंबीररावांच्या कानावर हे गेलं, तसे ते तडक सरांकडे आले.

“अत्तार, पोरं छापलेल्यातल्या चुका काढणार? मग आपण कशाला आहोत?”

“सर, एक संधी द्या.”

“बरं. सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी स्वतः ऐकायला बसतो. पोरांनी डोकं चालवलंय असं दिसलं तर चालू ठेवा. नाहीतर सोमवारपासून नोट्स, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

पहिल्या गटात वडूजचा नाथाजी, मेढ्याची विजयमाला, कवठे महांकाळचा बिराप्पा आणि सांगलीतलीच शबाना होती. त्यांच्या निबंधाचा विषय होता, शेतकामाच्या बैलाचा घसारा. वस्तू वापरून झिजते, म्हणून हिशेबात दरवर्षी तिची किंमत थोडी कमी धरतात. ती घट म्हणजे घसारा. यंत्राला असतो तसा तो बैलालाही असतो आणि दरवर्षी सारखाच असतो, असं त्या विद्वान लेखकाचं म्हणणं होतं.

प्रत मात्र एकच. टाइप केलेली, कार्बनची, सुटी पानं. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी, आणि तिघांना गावी जायची घाई.

“वाटून घिऊ,” नाथाजी म्हणाला. “पयली पानं मला, मधली तुला...”

“व्वा रं गड्या!” बिराप्पा उसळला. “पयली पानं सोपी. ती म्हंजी हिरीकडंचं रान. आन् मधला आकड्यांचा खडक आमच्या बोडक्यावर व्हय?”

नाथाजी विचारात पडला. त्याच्या घरी नुकतीच चुलत्यांची वाटणी झाली होती. एक रान एकाला आणि दुसरं दुसऱ्याला, असं तिथे कुणी केलं नव्हतं. प्रत्येक रानाच्या पट्ट्या पाडल्या होत्या, म्हणजे काळी जमीन आणि बरड सगळ्यांना सारखी. आता त्या पट्ट्यांत नांगर वळवता येत नव्हता, पण अन्याय झाला असं कुणालाच म्हणता येत नव्हतं.

“मग पट्ट्या पाडू,” तो म्हणाला, आणि पत्ते वाटावेत तशी त्याने पानं वाटली. एक तुला, एक हिला, एक मला. शेवटी एक पान उरलं. त्यावर उभ्या-आडव्या रेघांचं भलंमोठं कोष्टक होतं. ते कुणालाच नको होतं.

“ह्ये सामाईक,” विजयमालाने निकाल दिला. “ज्याला लागंल त्यानं बघावं.”

सामाईक कोष्टक शबानाच्या पिशवीत गेलं आणि सामाईक गोष्टींचं होतं तेच त्याचं झालं. कुणीच पाहिलं नाही.

सुट्टीनंतरच्या त्या शनिवारी एस.टी. उशिरा आल्या. चौघं थेट वर्गातच भेटली, हातात आपापलं लिखाण घेऊन. प्राचार्य पुढच्या बाकावर बसले होते. अत्तार सर मागे उभे राहून चष्मा पुसत होते. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

विजयमाला आधी उठली. “लेखकाने फार घाई केली आहे,” तिने वाचलं. “बैल कधी घेतला, त्याने काय काम केले, याचा पत्ता नाही. पहिल्याच ओळीत बैल मरतो आणि त्याच्या कातड्याची किंमत सुरू होते. वाचून मन सुन्न झाले.”

मग बिराप्पा. “या निबंधात बैल नाही,” त्याने ठणकावलं. “लेखक आधी लेथ मशीनबद्दल बोलतो, नंतर छापखान्याबद्दल. बैलाचे नाव देऊन वाचकाची फसवणूक केली आहे.”

“आसं कसं?” नाथाजी जागेवरून ओरडला. “माझ्याकडं बैल हाय की! चांगला धडधाकट. माझ्या शेवटच्या पानावर नांगराला जुपलाय.”

“त्यो मेलाय,” विजयमाला म्हणाली.

“कवा?”

“पयल्याच पानावर.”

“मग नांगर कोन वढतंय? त्येचं भूत?”

वर्ग हसला. प्राचार्य हसले नाहीत. “निबंध एकच आहे ना रे?” त्यांनी विचारलं.

“निबंध येकच हाय, सर,” नाथाजी प्रामाणिकपणे म्हणाला. “वाटण्या चार हायत.”

मग पट्ट्यांची सगळी हकिगत सांगावी लागली. ती ऐकून प्राचार्य उठले. “अत्तार,” ते म्हणाले, “सोमवारपासून...”

“सर, माझं राहिलंय,” शबाना म्हणाली.

प्राचार्य नाइलाजाने पुन्हा टेकले.

“माझ्या एका पानावर लिहिलंय, ‘यावरून बैलाची किंमत दरवर्षी सारखीच घटते हे स्पष्ट होते.’ मी माझी सगळी पानं वाचली. कुठंच स्पष्ट होत नाही. माझा एवढाच प्रश्न आहे. कशावरून?”

मागे अत्तार सरांचा चष्मा खाली पडला. सुदैवाने फुटला नाही.

“कोष्टकावरनं आसंल,” बिराप्पा पुटपुटला.

“कोष्टक वाचलंय कुणी?” प्राचार्यांनी विचारलं.

“ते सामाईक हाय, सर.”

“काढा ते!”

पिशवीतून कोष्टक निघालं, टेबलावर पसरलं आणि चारही डोकी त्यावर भिडली. त्यात जनावरांच्या बाजारातले भाव होते, दातांप्रमाणे मांडलेले. अदत खोंडापासून, म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेल्या गोऱ्ह्यापासून, थेट म्हाताऱ्या बैलापर्यंत.

विजयमालाने बोट खाली सरकवलं. “आवं सर, ह्यात तर भाव चढतोय! अदत स्वस्त, दोन दाती म्हाग, चार दाती लय म्हाग.”

“सगळं दात आल्यावर त्येच्याबी वर,” बिराप्पा म्हणाला. “मग उतरतोय. पार खाली.”

शबानाने पहिल्या आणि शेवटच्या आकड्यावर बोटं ठेवली. “लेखकानं पहिला आकडा घेतला, शेवटचा घेतला आणि मधे पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. मधला डोंगर त्याला दिसलाच नाही.”

“आमच्या डोंगरातल्या मेढ्याकडचा नसनार,” विजयमाला म्हणाली.

“बरोबर आहे पोरींचं!” प्राचार्य एकदम उभे राहिले. कोट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला आणि खडू घेतला. “खोंड कामाला लागतं तशी त्याची किंमत वाढते. त्या वयात घसारा कसला?”

“पन सर, मारका निघाला तर?” नाथाजीने विचारलं.

“शिकवायचा!”

“चुलत्याचा न्हाई शिकला.”

“आरं, तुझ्या चुलत्याला काय कळतंय! दोन हंगाम लाकडं वढाय लाव, मग बघ कसा गरीब हुतोय!”

प्राचार्यांचं हे मराठी महाविद्यालयाने याआधी ऐकलं नव्हतं. त्यांनी फळ्यावर भावाचा डोंगर काढला आणि माथ्यावर बैल उभा केला. तो शेळीसारखा दिसत होता, पण तेवढी चिकित्सा करायची हिंमत कुणाला झाली नाही. तास संपल्याची घंटा झाली. कुणी हललं नाही.

अत्तार सर हळूच पुढे आले. “सर, ते सोमवारच्या नोट्सचं...”

“थांबा हो अत्तार! इथं दात मोजायचं चाललंय.”

बऱ्याच वेळाने कोट चढवता चढवता प्राचार्य म्हणाले, “चालू ठेवा हे. एकच अट. पुढच्या निबंधाला मला एका गटात घ्या.”

पुढचा निबंध साखर कारखान्यातल्या मळीच्या किमतीवर होता. प्राचार्य बिराप्पाच्या गटात गेले. या वेळी सरांनी प्रत्येकाला वेगळी प्रत दिली. आठवड्याने बिराप्पा स्टाफरूमच्या दारात घुटमळताना दिसला.

“सर, येक तक्रार हाय. आमच्या गटातल्या एकानं वाचूनच आनलं न्हाई. आमी चौघांनी किती कराचं?”

“कोण तो?”

“नाव घ्याचं धाडस हुईना. मिटिंग हुती म्हनत्यात.”

अत्तार सर बाहेर आले. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून प्राचार्य येत होते. सरांना पाहताच त्यांची पावलं मंदावली. मग, आपल्याला काही दिसलंच नाही अशा चालीने ते वळले आणि ग्रंथालयात शिरले.