मागच्या चाकाचे तज्ज्ञ

वहिनी पडल्या त्या अगदी सावकाश, जणू आधी परवानगी काढून. वळणावर कुणीतरी अंगण धुतलेलं पाणी रस्त्यावर सोडून दिलं होतं. त्यावरून मोटरसायकलचं मागचं चाक बाजूला सरकलं आणि वहिनी, त्यांची वही आणि मोटरसायकल अशी तिघंही एका रांगेत आडवी झाली. लागलं कुणालाच नाही. समोरच्या दुकानातून चार जण धावत आले. तिघांनी गाडी उचलली, चौथ्याने "बाईमाणसाने जरा बेताने चालवावी," एवढा सल्ला देऊन आपला वाटा उचलला. पडल्या तेव्हा वहिनी इतक्या बेताने चालल्या होत्या, की एक सायकलवालाही त्यांच्या पुढे होता.

कपडे झटकून त्यांनी मागचा टायर पाहिला. नक्षी अशी काही उरलीच नव्हती. इतका गुळगुळीत की त्यात पाहून भांग पाडावा.

वहिनी पाणीखात्यात मीटर वाचायच्या. दिवसाला सत्तर-ऐंशी घरं, तेवढीच कुत्री, आणि प्रत्येक घरी "गेल्या वेळी तर कमी होतं" हे भजन. सात वर्षं हीच मोटरसायकल. नवऱ्याला ती चालवता येत नव्हती आणि शिकायची हौसही नव्हती. मागे बसून योग्य वेळी "अगं, ब्रेक!" म्हणण्यात तो पूर्ण समाधानी होता.

"मागचा टायर बदलायला झालाय," संध्याकाळी त्या घरात म्हणाल्या.

झालं. हे वाक्य भाऊजींच्या कानावर पडलं.

भाऊजी म्हणजे धाकटे दीर. त्यांची कंपनी चार महिन्यांपूर्वी बंद पडली, तेव्हापासून ते बैठकीतल्या कोचावर होते. कोचावर पडल्यापडल्या मोबाइलवर पाहून त्यांनी मधमाशीपालन, छताची गळती आणि पाठदुखी या विषयांवर प्रभुत्व मिळवलं होतं. मोटरसायकल तेवढी राहिली होती. स्वतःची मोटरसायकल त्यांच्याकडे कधीच नव्हती, त्यामुळे त्यांच्या ज्ञानाला अनुभवाचा डाग लागलेला नव्हता.

"गॅरेजमध्ये अजिबात टाकायची नाही, वहिनी," ते उठून बसत म्हणाले. "लोकांना लुटतात. मी बदलतो. चाक म्हणजे काय हो, एक एक्सल आणि दोन नट!"

वहिनींच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पण भाऊजी उठून बसले होते, आणि ही गोष्ट या घरात हल्ली जेवणाखेरीज घडत नव्हती. त्यांनी उत्तर गिळलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "पण जुन्यावर जो आकडा लिहिलाय तोच साइज घ्यायचा."

"आकड्याचं माझ्यावर सोडा."

टायरच्या दुकानात दोघं गेली. वहिनींनी आकडा सांगितला. दुकानदाराने तो ऐकला आणि भाऊजींकडे पाहून विचारलं, "साहेब, कोणता दाखवू?"

साहेब! चार महिन्यांत हा शब्द भाऊजींसाठी कुणी वापरला नव्हता. त्यांची पाठ ताठ झाली. त्यांनी तीन-चार टायरांवर बोटं फिरवली, एकाचा वास घेतला आणि दोन नंबर रुंद असलेला टायर निवडला.

"रस्त्यावर जास्त रबर टेकलं की पकड जास्त. साधं गणित आहे."

"बसेल ना?" वहिनींनी दुकानदाराला विचारलं.

"साहेबांनी बघूनच घेतलाय," दुकानदार म्हणाला. विक्री झाली की सगळ्याच गोष्टी बसतात.

रविवारी सकाळी मागच्या अंगणात शस्त्रक्रिया सुरू झाली. गाडी मेन स्टँडवर चढली. भाऊजींनी ब्रेकचा रॉड सोडवला, एक्सलच्या नटाला लावलेल्या पान्यावर उभे राहून तो ढिला केला आणि मोठ्या समारंभाने चाक बाहेर काढलं. वहिनींचा नवरा मदतीला होता. लख्ख उन्हात तो टॉर्च धरून उभा होता.

"दादा, इकडे उजेड दे."

"देतोय की."

जुना टायर रिममधून निघायला एक तास आणि वहिनींचे दोन झारे लागले. झारे परत सरळ झाले नाहीत. नवा टायर साबणाच्या पाण्याने, गुडघ्यांनी आणि काही वडीलधाऱ्यांसमोर न उच्चारायच्या शब्दांनी आत गेला. टायरच्या बाजूवर चाक फिरण्याची दिशा दाखवणारा बाण होता. वहिनींनी तो पाहिला.

"भाऊजी, बाण मागे दाखवतोय."

"ते कंपनीचं चिन्ह असतं."

चाक गाडीत परत बसलं तेव्हा एक नळीसारखा बुश फरशीवर शिल्लक होता. भाऊजींनी तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

"हे लोक उगाच जास्तीचे भाग घालतात," ते म्हणाले आणि तो खिशात टाकला. मग त्यांनी चेन अशी ताणली, की तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते. हात धुऊन आले आणि स्वतःहून वहिनींना चहा करून दिला. कामाच्या भरात ते गुणगुणतही होते. म्हणून वहिनींनी बुशाबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि हीच त्यांची चूक झाली.

सोमवारी गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. तेवढ्यात चेनच्या कव्हरला टायर घासून असा आवाज येऊ लागला, की जणू कुणी पत्र्याला करवत लावलीय. रबर जळल्याचा वास आला. चाक डावी-उजवीकडे मान हलवत होतं. वहिनींनी गाडी बंद केली, ढकलत घरी आणली आणि ऐंशी घरं पायी केली.

संध्याकाळी भाऊजी दारातच उभे होते. "घासतोय? चार दिवस घासू द्या. घासून घासून तो स्वतःची जागा करून घेईल."

पायांत गोळे आलेले असताना वहिनींचा गिळून गिळून साठवलेला शब्दसंग्रह एकदम बाहेर आला.

"बरोबर आहे. तुम्हीही कोचावर चार महिने घासून घासून जागा केलीच आहे."

नवऱ्याने उगाचच टॉर्च उचलून खाली ठेवला. भाऊजींनी खिशातून बुश काढला, टेबलावर ठेवला आणि आत निघून गेले. जेवायलाही आले नाहीत.

वहिनींना रात्रीचा घास गोड लागला नाही. बोलल्या ते खरंच होतं, त्यामुळे ते मागे घेण्याचीही सोय नव्हती. सकाळी त्यांनी कपाटातून गाडीसोबत आलेलं माहितीपुस्तक काढलं. सात वर्षांत त्याचं प्लॅस्टिकही कुणी फाडलं नव्हतं. ते घेऊन त्या भाऊजींच्या खोलीत गेल्या.

"मला वाचता येतं, पण पाना धरता येत नाही," त्या म्हणाल्या. हे अर्धं खोटं होतं. "तुम्हाला पाना धरता येतो. चाक काढून टायर सोडवा. मी बदलून आणते."

भाऊजींनी भिंतीकडे पाहत विचारलं, "बुश कुठे ठेवलात?"

"देव्हाऱ्यात ठेवणार होते. टेबलावरच आहे."

भाऊजींच्या ओठाचा एक कोपरा हलला.

टायर काखोटीला मारून वहिनी दुकानात एकट्या गेल्या. दुकानदाराने त्यांच्या मागे पाहिलं. "साहेब नाही आले?"

"साहेब नट मोजताहेत. मी आकडा सांगितला होता तो टायर द्या, हा परत घ्या."

"बसवलेला टायर परत होत नाही, ताई."

"बसलाच कुठे? तीच तर तक्रार आहे."

दुकानदार नियम सांगायला लागला. वहिनी शांतपणे गळ्यातलं पाणीखात्याचं ओळखपत्र सरळ करत उभ्या राहिल्या. त्याच्या दुकानाचं मीटर कुणाच्या वहीत आहे हे त्याला त्याच क्षणी आठवलं असावं. वहिनींनी आयुष्यात कुणाचा आकडा एका लिटरनेही वाढवला नव्हता, पण ही माहिती त्यांनी स्वतःहून दिली नाही. नियम बदलला. टायर बदलून मिळाला, आणि पहिल्यांदाच दुकानदाराने आकडा त्यांना विचारून पुन्हा तपासला.

त्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली. अंगणात त्या स्टुलावर बसून पुस्तकातून मोठ्याने वाचत होत्या आणि भाऊजी खाली बसून तसं तसं करत होते. पुस्तकात टायरपलीकडेही बरंच होतं. ब्रेकचे शू पाहा. पाहिले, तर ते पापडासारखे झाले होते. हबमधले रबर तपासा. तपासले, तर चारपैकी दोन हातातच भुगा होऊन आले.

"यावर तुम्ही रोज जात होता?" भाऊजींनी विचारलं. आवाजात शहाणपणा नव्हता, नुसती काळजी होती.

"तुमचे दादाही मागे बसत होते," वहिनी म्हणाल्या. नवऱ्याने टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

भाऊजी स्वतः जाऊन रबर आणि शू घेऊन आले. नमुना सोबत नेला होता, दुकानात तोच दाखवला आणि एकाही गोष्टीचा वास घेतला नाही. बाण पुढे होता. बुश आपल्या जागी गेला. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या लावून त्यांनी चेन बोटाने दाबली. ती दोन बोटं खाली गेली आणि परत आली. चाक हाताने फिरवलं तर ते आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं. तिघंही खुळ्यासारखी त्याच्याकडे बघत बसली.

"वहिनी," भाऊजी हात पुसत म्हणाले, "पहिले काही दिवस हळू चालवा. नवा टायर सुरुवातीला घसरतो."

"मोबाइलवर पाहिलंत?"

"नाही. पान बेचाळीस. तुम्ही वाचायचं विसरलात."

वहिनींनी पान उघडून पाहिलं. होतं.

पुढच्या आठवड्यात शेजारचे काका आपली स्कूटर ढकलत फाटकाशी आले. मागचं चाक कुरकुरतंय, भाऊजी जरा बघतील का, असं विचारू लागले. वहिनी कामावर निघाल्या होत्या. त्यांनी किक मारली, तेवढ्यात मागून भाऊजींचा आवाज आला, "आज जमायचं नाही हो काका. गुरुवारी सकाळी आणा."

आज त्यांना काय काम होतं, ते घरातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. वहिनींनी विचारलंही नाही. गाडी गिअरमध्ये टाकली आणि पान बेचाळीसप्रमाणे, हळू, वळणावरून निघून गेल्या.