पावसासाठी रडलेली पिल्लं

मी उंच पठारावरची एक म्हातारी माशीमार पक्षीण आहे. झाडावर बसायची चैन आम्हाला नाही, कारण इथे झाडच नाही. गवतातून तुरुतुरु पळायचं, माशी दिसली की झडप घालायची. बाल्बिना म्हातारीच्या लोकरवाल्या अल्पाकांच्या आवाराला दगडी भिंत आहे. तिच्या एका भोकात माझं घरटं. भाडं मी चोख भरते: जनावरांच्या डोळ्यांवर बसणाऱ्या माश्या मीच टिपते. म्हातारी कौतुकाने म्हणायची, "ही माझी धाकटी सून. खायला मागत नाही, उलट बोलत नाही."

मित्रांनो, त्या कौतुकाला मी भुलले.

त्या वर्षी पाऊस लांबला. गवताच्या काड्या झाल्या. लहानग्यांचं रडणं ऐकून आभाळाला पाझर फुटतो, असं इथली माणसं मानतात. म्हणून अल्पाकांची कोकरं आयांपासून तोडून उन्हात बांधतात. खरी सून निकोलासा कोकरू धरायला निघाली, तशी म्हातारी ओरडली, "मेलं तर तुझा बाप भरून देणार का?"

"मग कोण रडणार, आत्याबाई? तुम्ही?"

म्हातारीची नजर माझ्या भिंतीकडे वळली.

माझी तिन्ही पिल्लं त्यांनी टेकडीवरच्या सपाट दगडावर नेऊन ठेवली. ती भुकेने कळवळू लागली. मी चोचीत माशी धरून धावले. एकाच्या तोंडात घास पडला, ते गप्प झालं.

"अगं हाकल तिला! पोट भरल्यावर रडतील कशाला?"

"संध्याकाळी परत ठेवू हं, बाई," निकोलासा मला म्हणाली, आणि तिने दगड उचलला. तिचा नेम चांगला आहे. माझा तो पंख अजून नीट मिटत नाही.

दुपारी आभाळ फुटलं. आधी गाराच आल्या. दोघी आनंदाने ओरडल्या आणि कोकरं आत घ्यायला पळाल्या. एकही कोकरू दगावलं नाही.

गारा थांबल्यावर मी खुरडत दगडापाशी गेले. चोचीत माशी होती.

सकाळी म्हातारीने भोकाशी, देवाला वाहतात तशी, कोकाच्या झुडपाची तीन पानं ठेवली. "गुणाची होती गं पोरं. काय रडली!"

पानं मी खात नाही.

भिंत मी सोडली नाही. दुसऱ्या भिंतींनाही मालक आहेतच. यंदा पाऊस पुन्हा लांबलाय. घरट्यात दोन पिल्लं आहेत. भूक लागली तरी आवाज काढायचा नाही, एवढंच मी त्यांना शिकवलंय. धाकटं फार आज्ञाधारक निघालं. ते वाळत चाललंय, हे मला कालच कळलं.

मित्रांनो, पाऊस हवा असेल तर आपापल्या डोळ्यांनी रडा.