भुशावरचा आळ

मुलीचं नाक बाराही महिने वाहतं म्हणजे दोष भुशाचाच, हा निकाल माझ्या सुतार नवऱ्यानं स्वतःच लावून टाकला होता. कारखाना घराच्या खालीच. म्हणून लेकीच्या खोलीच्या खिडक्या कायम बंद, जाड पडदे, लोकरी गालिचा. आणि वर आल्यावर अंघोळ होईपर्यंत बापानं लेकीला शिवायचं नाही. ती धावत यायची आणि हे चोरासारखे मोरीत पळायचे. मला हसू यायचं आणि जीवही तुटायचा.

एवढं करूनही शिंका चालूच. शेवटी यांनी कारखानाच विकायला काढला. गोदामात नोकरी धरणार म्हणे. लाकडाचा वास घेतल्याशिवाय ज्याला चहा गोड लागत नाही, तो माणूस खोकी उचलणार! मी म्हटलं, "आधी तपासणी करू. मग खुशाल धोंडा पाडून घ्या पायावर."

कशाचं वावडं आहे ते कळायला डॉक्टरीणबाईंनी लेकीच्या हातावर वेगवेगळ्या थेंबांची रांग लावून सुईनं हलकं टोचलं. तुलनेसाठी लावलेला, कुणाचाही फुगतोच असा ठिपका सोडला तर एकच टम्म फुगला. घरच्या धुळीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचा. गाद्या, गालिचे आणि कोंदट हवा त्यांना फार मानवते, बाई म्हणाल्या.

"आणि भुसा?" यांनी हळूच विचारलं.

"त्यानं कुणालाही शिंक येईल. यंत्र चालू असताना लांब ठेवा तिला. पण दुखणं भुशाचं नाही."

"म्हणजे मीच खिडक्या लावून..." हे म्हणाले. तोंडावर आलेला टोमणा मी गिळला. इतकी माया मला यांची कधी आली नव्हती.

घरी येताच कारखाना घेणाऱ्या गिऱ्हाइकाला नकार कळवला. गालिचा, पडदे गेले, गादीला घट्ट विणीची खोळ आली, नाकात रोज फवारा सुरू झाला. फरक पडायला वेळ लागेल, असं बाईंनी बजावलं होतंच.

एका संध्याकाळी यंत्र बंद झालं, झाडलोट झाली, तशी लेक पहिल्यांदाच खाली उतरली. मी मागोमाग. तिनं रंधा हातात घेतला, वजनानं खाली ठेवला, मग सरळ बापाच्या कुशीत शिरली. आणि शिंकली.

हे दचकून मागं सरले.

"ही गादीची आहे, बाबा," ती म्हणाली आणि शर्ट काही सोडला नाही.